स्पॅनिशमध्ये ‘गोळा करणे’साठी इतकी क्रियापदं आली कुठून?

स्पॅनिश शिकणाऱ्यांचा हा ठरलेला घोळ आहे, ‘गोळा करणे’साठी डिक्शनरी उघडली की रेकोखेर, रेकोलेक्तार, हुंतार, रेउनीर, कोलेक्सिओनार, रेकोपिलार अशी रांगच लागते आणि यातलं कधी कुठलं वापरायचं ते धड कळत नाही. याद्या पाठ करण्यापेक्षा त्यांची कुळकथा बघितलेली बरी, असं माझं मत.

मुळाशी आहे लॅटिन ‘लेगेरे’. त्याचा जुना अर्थ वेचणे, वाचणे हा नंतर आला (स्पॅनिशमधलं वाचणे, म्हणजे लेएर, त्यातूनच निघालं). एकत्र वेचणे म्हणजे ‘कोलिगेरे’, ते लोकांच्या तोंडात झिजून झालं कोखेर (घेणे, पकडणे) आणि पुढे ‘रे’ लागून रेकोखेर. पिकाला जुन्या स्पॅनिशमध्ये ‘कोजेचा’ म्हणायचे, तेही याच घरातलं, त्याचं कोसेचा झालं आणि त्यावरून पीक काढणे ते कोसेचार. म्हणजे ही सगळी शेतातली, हाताने उचलायची क्रियापदं. म्हणूनच आजही जमिनीवर पडलेली खेळणी, पोस्टातलं पार्सल, शाळेतून मूल, सगळ्याला रेकोखेर चालतं.

आपल्याकडे कसं तद्भव आणि तत्सम असतं, तसंच तिथेही झालंय. तोच लॅटिन शब्द विद्वानांनी पुस्तकातून परत उचलला, त्या वाटेने रेकोलेक्तार आलं, म्हणून ते जरा कडक इस्त्रीचं वाटतं: डेटा, नमुने, निधी, आणि शिकार करून कंदमुळं वेचणारे आदिम लोक ते ‘कासादोरेस-रेकोलेक्तोरेस’.

मधे एक मजेशीर वळण आहे. मन आत गोळा करणे म्हणजे ‘रेकोखिमिएन्तो’, यावर फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कन साधूने 1527 मध्ये पुस्तक लिहिलं आणि ते आविलाच्या संत तेरेसाने (मदर तेरेसा नव्हे, सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत) वाचून आपलंसं केलं. पुढे कडक विरक्तीने राहणाऱ्या साधूंना ‘रेकोलेतो’ म्हणायला लागले. माद्रिदचा रेकोलेतोस रस्ता आणि ब्युनोस आयर्समधला रेकोलेता हा भाग, जिथली दफनभूमी 1822 पासून आहे, ही नावं त्यांच्याच मठांवरून पडलीत.

कोलेक्सिओनार (तेही ‘कोलिगेरे’च्याच घरातलं) सोडलं तर बाकीची मंडळी वेगळ्या घराण्यातली. हुंतार म्हणजे जोडणे, रेउनीर म्हणजे परत एक करणे, त्यामुळे माणसं, पैसे, पुरावे जमवायचे तर ही दोन. कोलेक्सिओनार फक्त छंदवाल्यांचं, तिकिटं-नाणी वगैरे, ते वेचलेल्या ऑलिव्हना लावलं तर लोक हसतील. रेकोपिलार कागदपत्रांचं, स्पेनच्या राजाने अमेरिकेतल्या वसाहतींसाठी 1680 मध्ये मंजूर केलेल्या कायद्यांच्या संग्रहाचं नावच ‘रेकोपिलासिओन’. गंमत म्हणजे त्यातल्या कोंपिलारचं लॅटिन मूळ लुटणे या अर्थाचं आहे!

समुद्रापलीकडे मात्र भानगड झाली. मेक्सिको, अर्जेंटिनात कोखेरला अश्लील अर्थ चिकटला, त्यामुळे स्पेनमध्ये बिनधास्त बस ‘कोखेर’ करणारा माणूस तिथे तसं बोलला की लोक गालात हसतात. तिथे तोमार किंवा आगार्रार म्हणतात. रेकोखेरला एवढा धोका नाही, पण अर्जेंटिनात मित्राला घ्यायला जायचं असेल तर लोक सरळ ‘पासार आ बुस्कार’ म्हणतात. आणि कचरा उचलणे? स्पेनमध्ये ‘रेकोखिदा दे बासुरा’, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘रेकोलेक्सिओन दे बासुरा’. इस्त्रीचा शब्द तिकडे थेट कचऱ्याच्या गाडीवर.