गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड: रिपोर्ट वाचताना होणारी गल्लत

चाळिशीतला सडपातळ रुग्ण, गोळ्या वाढवूनही एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) उतरत नाही. अशा फाइलमध्ये हे दोन रिपोर्ट हमखास सापडतात, आणि दोन्हींकडून 'टाईप १ की टाईप २' या एकाच प्रश्नाचं उत्तर मागितलं जातं. खरं तर गॅड अँटीबॉडीवरून कळतं ते मधुमेहाचं कारण, म्हणजे टाईप १मध्ये होतं तशी रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उठली आहे का. सी-पेप्टाइडवरून कळतं त्या पेशी अजून किती इन्शुलिन बनवतात.

गॅडसाठी उपाशी राहावं लागत नाही आणि इन्शुलिन चालू असलं तरी निकाल बदलत नाही. इन्शुलिन अँटीबॉडीचं तसं नाही. इंजेक्शनं सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की टोचलेल्या इन्शुलिनविरुद्धच अँटीबॉडी तयार होतात आणि ती तपासणी निरुपयोगी ठरते. म्हणून प्रौढांत आधी गॅड, ती निगेटिव्ह आल्यास आयए-२ आणि झेडएनटी८ या त्याच प्रकारच्या आणखी दोन अँटीबॉडी. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे टाईप २ असंही नाही. टाईप १च्या ५ ते १० टक्के रुग्णांत एकही अँटीबॉडी सापडत नाही.

पॉझिटिव्हही आंधळेपणाने मानू नये. मर्यादा अशी ठरवलेली असते की निरोगी शंभरांतल्या एखाद-दोघांचा आकडा तिच्या वर जातोच. वजन जास्त, घराण्यात मधुमेह, शुगर गोळ्यांवर ताब्यात आणि गॅड जेमतेम काठावर, तर आधी पुन्हा तपासावं, दुसरी अँटीबॉडीही पाहावी. सरसकट प्रत्येक मधुमेह्याची गॅड करण्यात म्हणूनच अर्थ नाही.

सी-पेप्टाइडमध्ये खरी गडबड नमुना घेतानाच होते. इन्शुलिन सुटताना ते जोडीने सुटतं. बाटलीतल्या इन्शुलिनमध्ये ते नसतं. जेवणानंतर पाच तासांच्या आत रक्त घ्यावं, सोबत शुगरही मोजावी. शुगर ७०च्या खाली असताना किंवा उपाशीपोटी आकडा कमी आला तर तो धरू नये. कीटोअ‍ॅसिडोसिसनंतर (इन्शुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात त्या अवस्थेनंतर) निदान दोन आठवडे थांबावं, कारण फार वाढलेल्या शुगरने पेशी तात्पुरत्या मंदावतात. मूत्रपिंड निकामी असेल तर आकडा फुगतो. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास लॅबला सांगावं. काही यंत्रांवर त्याने आकडा खोटा कमी येतो.

इन्शुलिनवरच्या रुग्णात ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली टाईप १कडे कल, १.८च्या वर टाईप २कडे, मधलं संदिग्ध. पण ही फोड मधुमेहाला तीनेक वर्षं झाल्यावरच भरवशाची. सुरुवातीच्या स्वप्रतिकारक मधुमेहात सी-पेप्टाइड अगदी चांगलं असू शकतं. उलट, स्वादुपिंडात खडे होऊन झालेल्या मधुमेहात ते घसरलेलं असतं आणि गॅड मात्र निगेटिव्ह.

गॅड पॉझिटिव्ह, सी-पेप्टाइड शाबूत असेल तर इन्शुलिन त्याच दिवशी लागेलच असं नाही. बीटा पेशींना जास्त इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या टाळाव्यात, सी-पेप्टाइड दर सहा महिन्यांनी पाहावं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर मळमळ-उलटी होताच शुगर २००च्या आत असली तरी कीटोन तपासावेत.