पीडीएफ सोडून बाकीचं दाखव: फाइलशोधातल्या ‘वगळा’ची पार्श्वभूमी

ग्रामपंचायतीच्या संगणकावर रोमन अक्षरांत ‘घरकुल’ टाकून शोधलं की आधी पीडीएफची रांग लागते, मग व्हॉट्सॲपवरून उतरवलेले घरांचे फोटो, मग शॉर्टकट. हवी असते एक्सेलची एकच यादी, जिच्यात अजून नावं दुरुस्त करायची आहेत. “त्याले सांग ना भाऊ, पीडीएफ दाखवू नको म्हणून,” असं परिचालकाला शेजारच्या खुर्चीवरून ऐकावं लागतं. सांगता येतं. पण ते सांगायची रीत सरळ वाटेने आलेली नाही.

विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीत फाइलीचं नाव आठ अक्षरांचं आणि शेपूट, म्हणजे टिंबानंतरचं प्रकार सांगणारं एक्सटेन्शन, तीन अक्षरांचं. तारा (*) टाकून ‘एवढ्याच दाखव’ म्हणता येई; ‘एवढ्या सोडून’ म्हणायचं तर डीआयआर या आज्ञेने आलेली फाइलींची यादी फाइंड या दुसऱ्या आज्ञेकडे पाठवून तिला स्लॅश-व्ही जोडावं लागे. युनिक्स ही दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांकडे १९७० च्या दशकातच नकाराचं उद्गारचिन्ह होतं. आमच्या तालुक्याच्या संगणक क्लासात मात्र त्याचा विषय कधी निघाला नाही.

विंडोज ९५ ने लांब नावं दिली आणि ओळखीच्या फाइलींचं शेपूट लपवून टाकलं. जे दिसतच नाही, ते वगळा असं माणूस सांगणार तरी कसं? २००१ च्या विंडोज एक्सपीत शोधाच्या चौकटीत एक कार्टूनचा कुत्रा येऊन बसला. फाइलीचं शेपूट दिसेना, कुत्र्याचं दिसू लागलं!

बदल झाला तो २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून. शोधाच्या पट्टीतच अटी लिहिता येऊ लागल्या: उणे चिन्ह, त्याला चिकटून ई-एक्स-टी, विसर्गासारखे दोन टिंब आणि पुढे पीडीएफ (-ext:pdf). उणेऐवजी ‘नॉट’ही (NOT) चालतं, पण मोठ्या लिपीत; लहान लिपीत लिहिलं तर तो नेहमीसारखाच एक शब्द धरला जातो. आमच्याकडे या सोयीची गरज जरा जास्तच. जुना मजकूर कृतिदेव नाहीतर श्रीलिपी अशा युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, त्यात आज युनिकोडमध्ये लिहिलेलं नाव सापडत नाही. सगळा भार फाइलीच्या नावावर.

खरा घोळ ‘वगळा’ या शब्दाचा आहे. गावात यादीतून नाव वगळलं म्हणजे कायमचं कटलं. मग अर्ज, मग ग्रामसभा. शोधपट्टीतलं वगळणं तसं नाही, ते त्या एका शोधापुरतं. पण इंडेक्सिंगच्या, म्हणजे शोधासाठी संगणक आधीच बनवून ठेवतो त्या अनुक्रमणिकेच्या, सेटिंगमध्ये फाइलप्रकारांची एक लांबलचक यादी असते. तिथली पीडीएफपुढची खूण काढली की तो प्रकार अनुक्रमणिकेतूनच जातो, आणि खूण परत लावेपर्यंत जातो. मी तेच केलं होतं. शोध मोकळा झाला म्हणून खूशही होतो. चार दिवसांनी एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची पीडीएफ डेस्कटॉपवर डोळ्यांसमोर, आणि शोधात नाही. डी ड्राइव्हवरच्या पीडीएफ मात्र सापडत होत्या, कारण त्या ड्राइव्हची अनुक्रमणिका मुळात बनतच नव्हती. तिथे संगणक दर वेळी एकेक फोल्डर उघडून बघतो. त्याच यादीत खाली आणखी एक निवड असते: फाइलीचे फक्त गुणधर्म नोंदवायचे की आतला मजकूरही. तेही एक प्रकारे वगळणंच, पण अर्धं. या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द द्यायला हवे होते असं माझं मत. निदान सेटिंगमधल्या वगळण्याला ‘नोंदीतून काढा’ म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

‘प्रकार’ हा शब्दही तसाच निसरडा. शेपटावरून वगळलं तर फक्त पीडीएफ जातात. ई-एक्स-टीऐवजी ‘काइंड’ (kind) लावून ‘डॉक्युमेंट’ वगळलं तर पीडीएफसोबत वर्ड आणि एक्सेलही जातं, म्हणजे हवी ती यादीच गेली.

आणि वीज. एक्सेल उघडं असताना ती गेली की मागे एक छोटी फाइल राहते, नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह. तशी ती लपलेली असते. पण लपवलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू असेल तर खऱ्या यादीच्या शेजारी येऊन बसते. प्रकारावरून ती वगळता येत नाही, कारण तिचं शेपूट यादीचंच. एक्सेल बंद असल्याची खात्री करून ती हातानेच उडवावी लागते.