वामनवृक्ष प्रदर्शन (मुंबई)

उथळ कुंडीत छाटणी, तारबंदी (वळण देण्यासाठी फांद्यांना तार गुंडाळणे) व मुळांची काटछाट करून वर्षानुवर्षे खुजे राखलेले वृक्ष (बोन्साय) विशिष्ट मांडणीने लोकांसमोर ठेवण्याची प्रथा. मुंबईत ती मुख्यतः हौशी मंडळांनी जोपासली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील महापालिकेच्या वार्षिक पुष्पप्रदर्शनातही बोन्साय मांडले जातात.

कलेच्या उगमाविषयी एकमत नाही. चीनमधील शान्शी प्रांतात राजपुत्र ली श्येन याच्या थडग्यातील भित्तिचित्रात (इ. स. ७०६ च्या सुमारास) सेवकांच्या हाती खडक व रोपे असलेली तबके दिसतात. जपानमधील ‘कासुगा गोंगेन गेन्की’ (१३०९) या चित्रगुंडाळीतही तबकातील झाडे आहेत. मात्र खोड-फांद्यांना हेतुतः वळण दिले होते किंवा कसे, हे केवळ चित्रांवरून ठरविणे कठीण. भारतीय वैद्य औषधी झाडे कुंडीत खुजी ठेवत व तेथून ही विद्या पूर्वेकडे गेली, असेही सांगितले जाते. बौद्ध भिक्षूंचा संचार पाहता ते अशक्य नव्हे, तथापि कालनिश्चिती झालेल्या पुराव्याच्या दृष्टीने चिनी उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

जपानी घरात बोन्साय ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात एकट्याने मांडतात. सोबतीला चित्रपट्टी व लहानसे गवत वा रानफूल. टोकियोतील कोकुफू हे बोन्साय-प्रदर्शन १९३४ पासून भरते. मुंबईच्या सभागृहांत कोनाड्याऐवजी कापड अंथरलेली लांब टेबले व साधी पार्श्वभूमी असते. झाडाची दर्शनी बाजू प्रेक्षकाकडे, खोडाचा मध्य शक्यतो डोळ्यांच्या पातळीत आणि झाड ज्या अंगाला झुकते तिकडे मोकळी जागा, एवढे नियम येथेही पाळतात.

मुंबईचे खरे वैशिष्ट्य वृक्षांच्या निवडीत आहे. थंडीतील सुप्तावस्था ज्यांना आवश्यक असते ते मेपल येथे टिकत नाहीत. त्यांची जागा वड, नांदरुक, उंबर, चिंच व बोगनवेल यांनी घेतली आहे. दमट हवेत वडवर्गीय झाडांना कुंडीतही पारंब्या फुटतात. हवी ती पारंबी ओलसर शेवाळ भरलेल्या नळीतून मातीपर्यंत उतरवतात. ती रुजून जाड झाली की आधारखोड बनते. पारंब्यांचा असा वड हा मुंबईच्या मांडणीतील सर्वांत देखणा प्रकार होय, आणि जपानी बोन्सायमधील पाइन-जुनिपर या सूचिपर्णी वृक्षांच्या मापाने त्याचे परीक्षण करणे अन्यायाचे ठरते. प्रदर्शनापूर्वी काही आठवडे निरोगी झाडाची पाने खुडतात, म्हणजे नवी पालवी आकाराने लहान येते. पिंपळावर या उपायाचा परिणाम बेताचाच होतो.

आदल्या दिवशी कुंडी पुसून मातीवर शेवाळ बसवतात. बंद, वातानुकूलित सभागृहात पाने लवकर सुकतात, म्हणून फवारणी करावी लागते. चिठ्ठीवर झाडाचे नाव, शैली व वय लिहितात. वयाचा आकडा बहुधा अंदाजी असतो. कुंडीत किती वर्षे घडवले, ही नोंद अधिक विश्वसनीय होय.