लोकल, परदेशी आणि मधला कफील

संयुक्त अरब अमिरातीत आज दर दहा माणसांत तिथला नागरिक जेमतेम एक. बाकी सगळे बाहेरचे, आणि त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा. तरीही दुबईत अर्धं आयुष्य काढलेल्या मराठी माणसाची ‘लोकल’शी, म्हणजे तिथल्या नागरिकाशी, ओळख बहुधा सरकारी खिडकीपलीकडे जात नाही. हा धर्माचा किंवा अरबी स्वभावाचा परिणाम, असं सर्रास सांगितलं जातं. जुना इतिहास पाहिला तर ते पटत नाही.

तेलाच्या आधी गरज तिथल्या अरबांना होती. आखातातले मोती विकायला अरब व्यापारी मुंबईत येत, महिनोन्महिने मुक्काम ठोकत. तांदूळ, कापड, होड्यांचं लाकूड इथूनच जाई. दुबईचं पोस्ट ऑफिस १९०९ पासून १९४७ पर्यंत भारतीय टपालखात्याचं होतं. चलन १९६६ पर्यंत रुपयाच. शेवटची काही वर्षं तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढत होती. दुबईच्या बर दुबई भागात खाडीकाठी सिंधी आणि कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, आणि मशिदीला लागून मंदिरही. एकमेकांशिवाय कुणाचंच चालत नव्हतं.

अबुधाबीत १९५८ ला तेल सापडलं, दुबईत १९६६ ला. १९६८ च्या जनगणनेत या साऱ्या प्रदेशाची वस्ती होती सुमारे १ लाख ८० हजार. एवढ्या माणसांत रस्ते, बंदरं, इस्पितळं कशी उभी राहणार? माणसं बाहेरून आली, आणि त्यांची संख्या पाहून स्थानिकांना धडकी भरली. १९७१ ला देश झाला, १९७२ ला नागरिकत्वाचा कायदा आला. १९२५ पासून किंवा त्याआधीपासून तिथे राहणाऱ्या अरबांना त्याने नागरिक ठरवलं. बाकीच्यांसाठी दार जवळजवळ बंदच. घर, शिक्षण, सरकारी नोकरी या सवलती नागरिकत्वाला बांधल्या गेल्या, त्यामुळे ते वाटून घेणं परवडण्यासारखं राहिलं नाही. १९९२ मध्ये तर अमिराती मुलांनी अमिराती मुलींशीच लग्न करावं म्हणून सरकारी विवाहनिधी निघाला.

परदेश्याच्या वाट्याला आला तो कफील, म्हणजे त्याची हमी घेणारा स्थानिक प्रायोजक. व्हिसा त्याच्या नावावर, नोकरी गेली की मुक्काम संपला. धंदा करायचा तर परदेशी मालकीला मोकळीक असलेल्या मुक्त क्षेत्रांबाहेरच्या बहुतेक कंपन्यांत २०२१ पर्यंत ५१ टक्के हिस्सा स्थानिकाचा लागे. अनेकदा तो भागीदार कागदावरच असे. ज्याच्या सहीवर आपलं राहणं टांगलेलं, त्याच्याशी मैत्री कशी जुळावी? त्यात चिपळूण-खेडकडच्या कामगाराचा पगार बायकामुलांच्या व्हिसाच्या अटीत बसत नाही. मग तो दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पात, त्याचं कुटुंब कोकणात. शेजार जमायला आधी शेजारी राहावं लागतं.

अलीकडे गाठी थोड्या सैल झाल्या आहेत. २०१९ पासून गोल्डन व्हिसा, म्हणजे लांब मुदतीचा राहण्याचा परवाना, मिळतो. २०२१ पासून निवडक परदेश्यांना नागरिकत्वही मिळू शकतं, पण अर्ज करून नव्हे; शिफारस वरून यावी लागते. माझ्या मते खरा बदल वेगळ्याच नियमाने येतोय. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना २०२२ पासून कुशल पदांवर दरवर्षी २ टक्के जास्त अमिराती घ्यावे लागतात, नाहीतर दंड. आजवर सहीपुरता भेटणारा लोकल आता शेजारच्या टेबलावर सहकारी म्हणून बसतो. बढतीच्या रांगेतही तो आहेच.