मेंढीच्या कानातला बिल्ला उपग्रहाशी बोलत नाही

मागच्या हिवाळ्यात शिरोळकडच्या एका ओळखीच्या रानात बकरी बसली होती. (कोल्हापूर भागात धनगर मेंढीलाच बकरी म्हणतात, शेळी ती शेळी.) ऊस तुटून गेलेला, रानाला लेंडीखत मिळावं म्हणून कळप मुक्कामाला. कळपाच्या मालकानं मला गाठलं. "सर, बिल्ल्यातनं सरकारला कळतंय म्हणं, बकरी कुठल्या रानात हाय ती. व्हॉट्सॲपला आलंय."

नाही कळत. आपल्याकडं कानात मारतात तो पिवळा बिल्ला म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर 12 अंकी नंबर आणि बारकोड. त्यात बॅटरी नाही, चिप नाही. त्या नंबरावर मालक कोण, लस कधी टोचली, हे 'भारत पशुधन' प्रणालीत चढवतात. बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री नाही, हा राज्याचा आदेश 1 जून 2024 पासून लागू आहे. पण माग काढते ती नोंद. कळप शिरोळातून निपाणीला गेला आणि कुणी ते लिहिलंच नाही, तर संगणकाच्या लेखी तो अजून शिरोळातच चरतोय. बिल्ला मारला की शेळी पान्हा चोरते, हेही ऐकतो. कान दोन दिवस दुखतो, एवढंच खरं.

एवढा खटाटोप कशाला, ते ब्रिटनला 2001 साली कळलं. तिथं लाळ्या-खुरकुताची साथ आली; हा रोग मेंढीत फार सौम्य दिसतो. लंगडी मेंढी कोण मनावर घेतो? पहिला रुग्ण पक्का होईपर्यंत बाजारांतून मेंढ्या देशभर पोचल्या होत्या. कुठली कुठं गेली ते शोधता शोधता साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यानंतर युरोपीय संघानं शेळ्या-मेंढ्यांसाठी नियम कडक केले: दोन खुणा, कळपाची नोंदवही, जनावर हललं की सोबत कागद, आणि 31 डिसेंबर 2009 पासून त्यातली एक खूण इलेक्ट्रॉनिक. वर्षाच्या आत कत्तलीला जाणाऱ्या कोकरांना थोडी सूट.

त्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यातही बॅटरी नसते, आणि मला खरी मजा वाटते ती इथं. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि मोहरीएवढी चिप. वाचणाऱ्या यंत्रातही एक वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला 1,34,200 आवर्तनं करणारा प्रवाह सोडतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तार धरली की तारेत वीज येते, हे फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलं. बिल्ल्याचं वेटोळं त्याच ठेक्याला जुळवलेलं असतं, म्हणून झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा तशी इवलीशी वीज साठत जाते आणि चिप जागी होते.

आता ती बोलणार कशी? रानातली मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मिणमिणतो आणि घरात बसल्या बसल्या कळतं, मोटर लागली. चिप तेच करते. आपल्या वेटोळ्यावरचा भार ती झपाझप जोडते-तोडते, आणि यंत्राला आपल्याच वेटोळ्यातला विजेचा दाब किंचित 'मिणमिणताना' दिसतो. त्या मिणमिणण्यात 128 बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक) निरोप असतो, सुमारे 30 मिलिसेकंदांत संपणारा. त्यातले 10 बिट देशाचे (भारताचा संकेतांक 356) आणि 38 बिट जनावराचे. दोनाचा 38 वा घात म्हणजे 27,487 कोटींच्या वर. एका देशाच्या मेंढ्यांना पुरून उरेल.

मग किणी टोलनाक्यावर फास्टॅग काही मीटरवरून वाचतात, त्यालाही बॅटरी नसते, तसं मेंढीचं का नाही? फास्टॅगच्या लहरी सेकंदाला 86 कोटींहून जास्त आवर्तनांच्या. त्या पाण्यात शिरल्या की काही सेंटिमीटरांत शोषल्या जातात, आणि मेंढी म्हणजे ओल्या लोकरीत गुंडाळलेलं पाणीच. 1,34,200 आवर्तनांचं क्षेत्र मात्र मांसातून, चिखलातून आरपार जातं. किंमत मोजावी लागते ती अंतराची. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं: वेटोळ्यापासून अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्शावर, चौपट झालं की चौसष्टाव्या. त्यामुळं हातातलं यंत्र कानापाशी न्यावं लागतं, किंवा अरुंद वाटेतून मेंढ्या एकेक करून सोडाव्या लागतात. एवढ्याशा विजेत उपग्रहापर्यंत हाक जाणं सोडाच, बांधापलीकडंही जात नाही. कृषी प्रदर्शनात 'बिल्ल्यातून मोबाईलवर थेट लोकेशन' असं कुणी सांगितलं, तर बॅटरी कुठं आहे आणि किती दिवस टिकते, एवढंच विचारा.

हे सगळं ऐकून मालकानं खरी अडचण काढली: बाभळीत अडकून कान फाटतो, बिल्ला पडतो. त्याला सांगितलं, काही देशांत चिप भरलेली चिनीमातीची जड गोळी मेंढीला गिळायला देतात.

"मग लेंडीतनं पडत न्हाई व्हय?"

नाही पडत. जडपणामुळं ती पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात बसते आणि बहुतेक जन्मभर तिथंच राहते.

तो हसला. "म्हंजे कापल्यावरच गावणार."