एर्लिकिओसिस : कुत्र्यांचा गोचीडताप

एर्लिकिओसिस हा गोचिडींमार्फत पसरणारा कुत्र्यांचा जिवाणुजन्य आजार आहे. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या रक्तपेशींत शिरून तिथेच वाढतो. त्यामुळे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, आणि आजार मुरला तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाच काम थांबवते. दवाखान्यात याला सर्रास ‘टिक फीवर’ म्हणतात. मात्र बॅबेसिया या एकपेशीय परजीवीमुळे होणाऱ्या आजारालाही लोक टिक फीवरच म्हणतात आणि त्यावरची औषधे निराळी आहेत. म्हणून टिक फीवर झाला असे कळले की नेमका कोणता, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. एकच गोचीड दोन्ही आजार पसरवत असल्याने काही कुत्र्यांना ते एकदमही होतात.

हा जिवाणू 1935 मध्ये अल्जीरियात दोनासियँ आणि लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांना गोचिडींनी बुजबुजलेल्या कुत्र्यांत आढळला. पुढे 1945 मध्ये जर्मन वैद्यक संशोधक पॉल एर्लिक यांच्या नावावरून त्याला आजचे नाव मिळाले. पण जगाचे लक्ष त्याकडे वळले ते व्हिएतनाम युद्धात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे नाकातून रक्त वाहून, खंगत जाऊन मेले. त्यांत बहुतेक जर्मन शेफर्ड होते. या जातीत पेशींमार्फत होणारा प्रतिकार तोकडा पडतो आणि आजार उग्र रूप घेतो, हे नंतरच्या प्रयोगांतून दिसले. महाराष्ट्रात जर्मन शेफर्ड हौसेने पाळले जातात, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या मालकांना ठाऊक असायलाच हवी. ऑस्ट्रेलिया हा देश या आजारापासून मुक्त समजला जाई. 2020 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात तो सापडला आणि आदिवासी वस्त्यांतील कुत्र्यांत वेगाने पसरला.

आजार पसरवते ती तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. हिची राहणी समजली नाही तर आजार आवरत नाही, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. गोठ्यात गुरांच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी बहुधा वेगळ्या जातींच्या असतात. तपकिरी गोचीड पिल्लावस्थेपासून प्रौढ होईपर्यंत तिन्ही अवस्थांत कुत्र्याचेच रक्त पसंत करते, पण सतत त्याच्या अंगावर राहत नाही. सहा पायांचे पिल्लू रक्त पिऊन गळून पडते, भिंतीच्या भेगेत कात टाकते आणि आठ पायांचे होऊन पुन्हा कुत्रा शोधते. पुढच्या अवस्थेतही हेच घडते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी शेवटी खाली उतरते आणि खाचाखोचांत हजारो अंडी घालून मरते. तिला वर चढायची खोड असते, त्यामुळे अंडी आणि पिल्ले छताच्या कडेला, पडद्यांच्या घड्यांत, खिडकीच्या चौकटीमागेही सापडतात. उबदार हवेत हे सारे चक्र साधारण दोन महिन्यांत पुरे होते, आणि भुकेली प्रौढ गोचीड रक्ताविना कित्येक महिने तग धरते. गोचिडी फक्त पावसाळ्यात असतात हा समज या जातीला लागू पडत नाही. घराच्या आडोशाला ती वर्षभर नांदते.

एर्लिकिया कॅनिस मादीकडून अंड्यांत उतरत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू निर्दोष असते, आजारी कुत्र्याचे रक्त प्यायल्यावरच त्याला लागण होते आणि ती पुढच्या अवस्थांत टिकते. याचा अर्थ, जिवाणूचे खरे भांडार कुत्राच आहे. लागण झालेली गोचीड चिकटल्यावर काही तासांतच जिवाणू कुत्र्याच्या शरीरात पोचू शकतो. संध्याकाळी फिरवून आणल्यावर गोचिडी वेचल्या की काम झाले, असे म्हणता येत नाही.

चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो. कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, गळ्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी सुजतात, डोळ्यांतून पाणी येते. कधी पोटावर, हिरड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, कधी घोळणा फुटतो. ही तीव्र अवस्था दोन ते चार आठवडे टिकते आणि पुष्कळदा उपचाराविनाही ओसरते. माझ्या मते या आजाराचा सर्वांत फसवा भाग इथेच सुरू होतो. कुत्रा पुन्हा खाऊ लागतो, खेळू लागतो, घरच्यांना हायसे वाटते. पण जिवाणू प्लीहेत दडून राहिलेला असतो आणि प्लेटलेट किंचित कमीच असतात. ही मूक अवस्था महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. काही कुत्रे तिच्यातून पूर्ण बरे होतात. उरलेल्यांत आजार तिसऱ्या, जुनाट अवस्थेला जातो. तेव्हा अस्थिमज्जेत लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही बनणे मंदावते, हिरड्या पांढुरक्या पडतात, वजन उतरते, रक्तस्राव थांबेनासा होतो, काहींची दृष्टी जाते. या टप्प्यावर आलेला कुत्रा वाचवणे फार अवघड असते.

निदानाची सुरुवात साध्या रक्ततपासणीने होते. निरोगी कुत्र्यात दर मायक्रोलिटर रक्तात साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात; एर्लिकिओसिसमध्ये त्या घटलेल्या असणे हा सर्वांत नित्याचा पुरावा. काचपट्टीवर पांढऱ्या पेशीत जिवाणूंचा तुतीसारखा पुंजका दिसला तर निदान पक्के, पण तो फार थोड्या कुत्र्यांत दिसतो. न दिसल्याने आजार नाही असे ठरत नाही. दवाखान्यातील झटपट किट प्रतिपिंडे शोधते. ही प्रतिपिंडे आजार बरा झाल्यावरही अनेक महिने रक्तात राहतात. त्यामुळे उपचारानंतर किट पुन्हा पॉझिटिव्ह आले म्हणून घाबरू नये आणि केवळ त्या आधारावर औषध पुन्हा सुरू करू नये. जिवाणू अजून आहे का, हे पाहायला पीसीआर चाचणी आणि प्लेटलेटचा चढता-उतरता आलेख उपयोगी पडतो.

उपचार डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा. रूढ मात्रा दर किलो वजनाला दिवसाला 10 मिलिग्रॅम, सलग 28 दिवस. या जिवाणूला नेहमीची पेशीभित्तिका नसल्याने अमॉक्सिसिलिनसारखी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. तीव्र अवस्थेत डॉक्सिसायक्लिन सुरू होताच एक-दोन दिवसांत ताप उतरतो, आणि नेमकी हीच सुधारणा घात करते: आठवड्याभरात गोळ्या बंद होतात. कुत्रा बरा दिसत असला तरी चारही आठवडे पुरे करायचेच. गोळी कोरडी गिळवल्यास अन्ननलिकेला जखम होऊ शकते, म्हणून ती खाण्यासोबत द्यावी. रक्त फार उतरले असेल तर रक्त चढवावे लागते. रक्तदाता कुत्र्याची या जिवाणूसाठी आधी तपासणी झालेली असली पाहिजे.

लस उपलब्ध नाही आणि एकदा आजार झाल्याने कायमची प्रतिकारशक्तीही येत नाही. उरतो तो गोचीड आवरण्याचा मार्ग. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर यांसारख्या चघळायच्या गोळ्यांनी हे काम बरेच सोपे केले आहे; फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. फ्लुमेथ्रिनयुक्त पट्टे आणि मानेवर सोडायची औषधेही आहेत. परमेथ्रिन हे गोचीडनाशक मात्र मांजरासाठी विषारी, तेव्हा घरात दोन्ही प्राणी असतील तर जपून. गुरांसाठी आणलेले फवारणीचे औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतण्याची चाल गावोगाव आहे. त्याने विषबाधा होते, ती बंद व्हायला हवी. रॉकेल लावणे, काडीने चटका देणे यांनीही काही साधत नाही. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावी, नखांवर न चिरडता स्पिरिटमध्ये टाकावी. त्याच वेळी भेगा बुजवणे, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढणे आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघतील हे धरून घराची फवारणी पुन्हा करणे भाग आहे. नुसत्या कुत्र्यावर उपचार केले तर भिंतीतली पिढी त्याची वाट पाहत असते.

याच गोचिडीतून पसरणारा दुसरा जिवाणू ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेटमध्ये राहतो आणि दर एक-दोन आठवड्यांनी त्यांची संख्या खाली-वर करतो. युरोप-अमेरिकेत गाजलेला लाइम रोग मात्र आयक्सोडिस वंशाच्या गोचिडी पसरवतात. इंटरनेटवर वाचून इथल्या प्रत्येक तापलेल्या कुत्र्यात तो शोधणे व्यर्थ. सिंधुदुर्ग आणि गोव्यात माणसांना होणारा माकडताप विषाणूचा आहे आणि त्याची जंगली गोचीडही वेगळी. एर्लिकिओसिस कुत्र्याला हात लावल्याने माणसाला होत नाही. तरी तपकिरी गोचीड क्वचित माणसालाही चावते आणि रिकेट्सिया या जिवाणूंमुळे भारतात पुरळासह येणाऱ्या तापाची ती वाहक आहे. घरात गोचिडी असताना एखाद्या मुलाला ताप येऊन तळहात-तळपायांवर पुरळ उठले, तर गोचिडींची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.