चांगला प्राध्यापक कोणी ओळखायचा?

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, यावरून वाद जुंपतो. निवाड्याला बसलेली परिव्राजिका (संन्यासिनी) म्हणते, काहींची विद्या त्यांच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, तर काहींना ती दुसऱ्यात उतरवण्याची विशेष हातोटी असते. दोन्ही ज्याला साधलं, त्यालाच शिक्षकांमध्ये अग्रस्थान द्यावं. मग परीक्षा ठरते ती आचार्यांच्या कलेची नाही, तर त्यांच्या शिष्यांच्या नृत्याची.

महाविद्यालयात शिकवणाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत, या चर्चेचा इतिहास वाचताना मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. गुणांच्या याद्या शतकानुशतकं फारशा बदललेल्या नाहीत. ते गुण कोणी पाहायचे आणि कधी पाहायचे, हे मात्र सतत बदलत गेलं.

पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या क्विंटिलियनने लिहून ठेवलं, की शिक्षकाने शिष्यांकडे पित्याच्या मायेने पाहावं. कडक असावं पण रूक्ष नसावं, मोकळं असावं पण सैल नसावं. कौतुक करताना हात आखडता घेऊ नये आणि उधळणही करू नये. प्रश्न विचारणाऱ्यांना आनंदाने उत्तर द्यावं आणि जे विचारत नाहीत, त्यांना आपणहून विचारावं. यातली शेवटची अपेक्षा मला सर्वांत मोलाची वाटते. हुशार, बोलक्या मुलांशी संवाद आपोआप होतो. मागच्या बाकावर गप्प बसलेल्यापर्यंत पोहोचायला मुद्दाम उठून जावं लागतं.

मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात न्यायाधीशाच्या जागी विद्यार्थीच बसले. अध्यापकांचं मानधन विद्यार्थ्यांच्या खिशातून जाई, त्यामुळे नियमही त्यांच्या संघांनीच घातले. घंटा झाल्यावर तास सुरू झाला नाही तर दंड. अवघड प्रकरण गाळून पुढे जायला मनाई. नियमित व्याख्यानाला पाच विद्यार्थीसुद्धा जमले नाहीत, तर अध्यापक गैरहजर धरला जाई आणि तितकाच दंड भरी. एवढा जाच पाहून वाईट वाटतं, पण नेमकेपणा आणि नेटाने शिकवणं यांना विद्यार्थी किती किंमत देत, तेही त्यातून दिसतं.

१८१० साली बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं आणि पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं. त्यामागचा विचार मांडणाऱ्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या कल्पनेत प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघेही ज्ञानासाठीच तिथे आलेले असतात. संशोधन आणि अध्यापन वेगळं काढता येत नाही. कल्पना उदात्त होती. मात्र तिचा आधार घेत पुढे एक सोयीचा समज रुजला, की ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो. परिव्राजिकेने ज्या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या होत्या, त्या इथे पुन्हा एकमेकींत मिसळल्या.

त्यांना वेगळं करून मोजण्याचा एक ठळक प्रयत्न अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात झाला. हर्मन रेमर्स आणि जॉर्ज ब्रँडनबर्ग यांनी १९२७ मध्ये विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना गुण देण्याची श्रेणीपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात दहा बाबी होत्या. विषयाची आवड, विद्यार्थ्यांविषयी सहानुभूती, गुण देताना निःपक्षपातीपणा, मांडणी, विनोदबुद्धी, आत्मविश्वास आणि जिज्ञासा जागी करण्याची ताकद यांच्या पंगतीत बाह्य रूपही होतं. आज सत्राच्या शेवटी भरून घेतले जाणारे अभिप्रायाचे अर्ज याच घराण्यातले.

या अर्जांचं दुबळेपण १९७० च्या एका व्याख्यानात उघड झालं. मायकेल फॉक्स हा अभिनेता ‘डॉक्टर फॉक्स’ म्हणून मानसोपचार आणि समाजकार्य क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींपुढे उभा राहिला. गणिती क्रीडा सिद्धांत (गेम थिअरी) आणि वैद्यकीय शिक्षण यांवर तो भरभरून बोलला. त्यातला आशय परस्परविरोधी विधानं आणि निरर्थक शब्द यांचाच होता, तरी श्रोत्यांनी चांगले अभिप्राय दिले. हा अभ्यास १९७३ मध्ये छापून आला. पुढे १९९३ मध्ये नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी शिक्षकांच्या आवाज बंद केलेल्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्या लोकांचं मत सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी मोठ्या प्रमाणात जुळलं.

यावरून व्यक्तिमत्त्व म्हणजे नुसता देखावा, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. उत्साह हा दिखाऊ गुण नव्हे. विषयावर प्रेम असलेला माणूस बोलू लागला की त्याचे हात, डोळे, आवाज सगळंच बोलतं. पण त्या उत्साहामागे आशय आहे की नाही, हे चित्रफितीला कळत नाही, इतकंच.

केनेथ फेल्डमन यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा याहून खोल गोष्ट हाती आली. शिक्षकाचा स्वभाव विद्यार्थ्यांनी किंवा सहकाऱ्यांनी वर्णन केला, तर त्यातल्या बऱ्याच गुणांचा परिणामकारक शिकवण्याशी संबंध दिसत होता. शिक्षकानेच स्वतःविषयी उत्तरं दिली, तर तो संबंध जवळजवळ नाहीसा होई. आत्मविश्वास आणि उत्साही वृत्ती एवढेच काय ते टिकून राहत. म्हणजे मी मनातून कितीही प्रेमळ असेन, समोरच्याला ते जाणवलं नाही तर शिकवण्यात ते उतरत नाही. इथे गुण ‘असण्या’पेक्षा ‘पोहोचण्या’ला महत्त्व आहे.

१९९० मध्ये हॅरी मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा सहा प्रकारच्या अभ्यासक्रमांत अभ्यास केला. मोठ्या वर्गात व्याख्यान देणारा उत्तम शिक्षक लहान चर्चागटात तितकाच उत्तम ठरत नव्हता. प्रत्येक ठिकाणी वेगळा स्वभाव उपयोगी पडत होता. आदर्श शिक्षकाचा एकच साचा शोधणाऱ्यांनी हा निष्कर्ष समोर ठेवायला हवा.

शिष्यांवरून गुरूची पारख करण्याचा जुना मार्ग २०१० मध्ये पुन्हा समोर आला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कोणत्या विद्यार्थ्याला कोणता शिक्षक मिळेल, हे यादृच्छिकपणे ठरतं. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तिथल्या कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) पहिल्या अभ्यासक्रमाची माहिती तपासली. कमी अनुभवी शिक्षकांच्या वर्गातल्या मुलांना त्या परीक्षेत चांगले गुण मिळत आणि त्या शिक्षकांना अभिप्रायही चांगले मिळत. पण पुढच्या वरच्या अभ्यासक्रमांत सरस ठरले ते अनुभवी शिक्षकांचे विद्यार्थी.

हार्वर्ड विद्यापीठातल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगातही असंच दिसलं. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या मुलांना जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं; सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट वाटलं. अशा वर्गात शिक्षकाला काही आठवडे विद्यार्थ्यांची नाराजी सोसावी लागते. या पद्धतीत धडपड का होते आणि तिचा फायदा काय, हे सत्राच्या सुरुवातीलाच मुलांशी मोकळेपणाने बोलावं, असं त्या संशोधकांनी सुचवलं आहे.